उजव्या हाताचा गिअर

अंकुश, आधी तो डावा हात सैल सोड.
इथं त्याला स्टिअरिंगपलीकडं काम नाही.
मीही पहिले पंधरा दिवस गिअर शोधायला गेलो
की बोटं दारावर आपटायची,
बटण दाबलं जायचं, काच खाली,
आणि तोंडात तवईनच्या खाणीची पांढरी धूळ.
क्रशरवरचे लोक हसायचे.
तुलाही हसतील. हसू दे.

गिअर उजवीकडं. मूठ आवळू नको.
खुडूक कोंबडीखालचं अंडं काढताना
जेवढा जोर लागतो, तेवढाच.
क्लच दाब. न्यूट्रल. क्लच सोड.
हो, सोड! मधे एकदा सोडायचाच असतो.
आता रेस. घोटभर.
इंजिनाचा सूर चढला की पुन्हा क्लच,
मग खालचा गिअर आपल्या पायानं आत जातो,
ओळखीच्या घरात चपला काढून शिरावं तसा.
नाही गेला तर ढकलू नको.
दात खर्रकन वाजले
तर चूक पेटीची नसते.

ते गाणं बंद कर. एसीपण, घटकाभर.
काटा मागाहून सांगतो,
इंजिन आधी सांगतं.

मी कुंभार्ली सहा वर्षं न्यूट्रलवर उतरलो.
वाचलेल्या लिटरमागं मालक वीस रुपये द्यायचा,
मला वाटायचं, हीच कला.
चिपळूण येईपर्यंत वाऱ्याचा आवाज,
दुसरं काही नाही.
तीच कला मी इथं दाखवली, पहिल्याच आठवड्यात,
मागं तीस टन काळा दगड असताना.
शेजारी बख्त रवान होता. स्वातचा. दाढीला मेंदी.
तसबीचे मणी सरकवत बसलेला.
इंजिन गप्प झालं, तसे मणी थांबले.

साठ. सत्तर.
ब्रेक लागत होते, मग थोडे लागत होते,
मग नुसता जळका वास.
गिअर आत जाईना.
खाली वळणावर एक पाण्याचा टँकर, सावकाश,
त्याला माझं काहीच माहीत नव्हतं.

तो ओरडला नाही.
माझ्या उजव्या हातावर त्याचा डावा हात आला,
जड, खरबरीत, कोरडा.
माझ्या हाताला घाम सुटलेला.
‘रेस दे. पूरी. और दे. अब.’
इंजिन किंचाळलं आणि गिअर बसला.
अख्खा ट्रक असा गचकला
की मागचे दगडसुद्धा बोलले.

टँकरच्या मागं वीसेक हातांवर आम्ही आलो
आणि तसेच त्याच्या मागं मागं, बैलगाडीच्या चालीनं, खाली.
चहाचे दोन दिरहम त्यानंच दिले.
पहिला कप मी सांडला.
तेव्हा एवढंच म्हणाला,
‘जिस गियर में चढ़ते, उसी में उतरते हैं.’
आणि मणी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला.
गेला. जाताना सीटवरची गादी ठेवून गेला.
तीच ही, तुझ्याखालची.
उसवली आहे, पण बदलू नको.

मी सुट्टीवर गेलो तेव्हा मेव्हण्याचा पिकअप चालवला.
म्हसवडच्या बाजारात गिअर टाकायला गेलो
आणि उजवा हात दारावर आपटला.
लेक मागून म्हणाली, पप्पा, तिकडं काय शोधताय?
सगळे हसले. मीही हसलो.
हात मात्र जरा वेळ तिथंच राहिला,
दाराला टेकून.

असू दे ते.
पाटी दिसली? उताराचं चित्र, ट्रकचं चित्र.
मसाफीचा माथा आला. खाली फुजैरा, बंदर, समुद्र,
पण समुद्राकडं बघायचं नाही.
गिअर इथंच, माथ्यावर पाडायचा.
उतार लागल्यावर तो पडत नाही,
आपणच पडतो.
घे. क्लच. न्यूट्रल. सोड. रेस.

अरे, तिकडं दार आहे.