पत्ता

प्रयोगशाळेच्या भिंतीवर तीन फलक आहेत.
चौथ्यासाठी डॉक्टर लिंडक्विस्टनी खिळा आधीच ठोकलाय.
पहिला फलक गल्लीतल्या दिव्यांचा :
दिवे पेटले तर घरफोड्या किती घटतात.
दुसरा ओसाड भूखंडांचा :
तिथे गवत पेरलं तर रात्रीचा गोळीबार कुठे जातो.
तिसऱ्यावरची अक्षरं वाचायला खुर्चीवर चढावं लागतं.

समोर नकाशा, मिलवॉकीच्या उत्तर भागाचा.
अकरा वर्षांचे गुन्हे, प्रत्येकी एक ठिपका,
आणि मधोमध एक जागा इतकी लाल
की छापताना कागद ओला होऊन फाटायचा.
दोनशे चौदा ठिपके. घर एकच.
लेखात आम्ही त्याला 'उगम' म्हटलं.
परिषदेत टाळ्या पडल्या.
तिथे राहतं कोण, हे कुणीच विचारलं नाही.

ऑगस्टात मला धाडलं तिकडे, वही देऊन.
उंटावरून शेळ्या हाकून झाल्या होत्या,
आता कुणीतरी खाली उतरायला हवं होतं.

क्लीओफस बँकहेड, वय एक्याऐंशी,
चाळीस वर्षं ओतशाळेत काढलेली,
टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते.
म्हणाले, "विमावाले दरवर्षी हप्ता वाढवतात.
पिझ्झावाला कोपऱ्यावरच थांबतो, मी चालत जाऊन आणतो.
मी म्हटलं, होत असेल बुवा काहीतरी,
आपल्यालाच झोप गाढ लागते."

त्या रात्री मी जुना प्रोग्राम उसवत बसले.
ज्या गुन्ह्याला ठिकाण नाही
तो संगणक विभागाच्या बरोबर मध्यावर ठेवत होता,
आणि मध्य नेमका म्हाताऱ्याच्या अंगणात पडत होता.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि संन्यासी टोमॅटोला पाणी घालत होता.

मग एकेक तक्रार उघडली.
'बसमध्ये. कुठली ते आठवत नाही.'
'पुलाखाली, पण कोणत्या.'
'सांगितलं तर तो परत येईल.'
एकशे सदुसष्टावी :
'महिला, भाषा ह्मोंग. हातगाडी चोरीला,
त्यात मोहरीचा पाला, दोन भोपळे, वजनकाटा.
ठिकाण : मोठ्या झाडाजवळ.
दुभाषी : मुलगी, वय बारा.'

ती मुलगी मी.
पोलिसाने विचारलं होतं, कोणतं झाड?
आईने झाडाचं नाव सांगितलं, दोनदा,
दुसऱ्यांदा सावकाश, मला समजावं म्हणून.
मला इंग्रजीत ते येत नव्हतं.
मी म्हटलं, मोठं.

लेख दुरुस्त झाला, शेवटच्या पानावर, बारीक टायपात.
दुरुस्तीला फलक मिळत नाही.
खिळ्यावर आता कुणीतरी छत्री टांगतं.
पण बँकहेडना मी स्वतः सांगायला गेले,
नवा नकाशा दाखवला, त्यांचं अंगण स्वच्छ पांढरं.
ते बराच वेळ बघत राहिले.
"मग ते सगळे आता कुठे आहेत?"
एका फाइलमध्ये, मी म्हटलं. पत्ता मिळेपर्यंत.
"कुणाचे तरी होते ना ते,"
ते म्हणाले, आणि मला कागदी पिशवीत टोमॅटो दिले,
"राहिले असते इथे, तरी चाललं असतं. जागा आहे."

रविवारी आईला घेऊन निघाले.
ती बसथांब्यापासून पावलं मोजत गेली,
सलूनपुढून, बंद पडलेल्या बेकरीपुढून,
आणि एका ठिकाणी थांबली.
झाड नव्हतं.
फूटपाथमध्ये नव्या सिमेंटचं एक गोल ठिगळ,
भोवतालच्या सिमेंटपेक्षा फिकं.
आई त्यावर उभी राहिली. पुन्हा ते नाव म्हणाली,
या वेळी मला नाही, जमिनीला.

फाइलमध्ये पत्त्याचा रकाना लहान असतो.
मी ते नाव जसं ऐकलं तसं त्यात लिहिलं.
संगणक म्हणाला, असा पत्ता सापडत नाही.
मी तरीही जतन केलं.
आता दोनशे तेरा उरलेत.