धुण्याची वही

साखळीच्या कुआर्तेलातलं धुणं
सोमवारी यायचं, गुरुवारी जायचं.
बाप, फटी मडवळ, वाळवंटीच्या पायरीवर बसून
आधी मोजायचा, मग भिजवायचा.
अक्षर येत नव्हतं. वहीत नुसत्या रेघा:
उभी म्हणजे सदरा, आडवी म्हणजे विजार.
मोजे धरायचा नाही.
मोज्यांवरून माणसं मोजता येत नाहीत, म्हणायचा.

हे वाक्य मला फार उशिरा कळलं.

मंगळवारी रात्री जिवबा यायचा,
खाणीवर सुरुंग भरणारा, नखांत तांबडी माती.
जेवायचा नाही.
कंदिलाशी वही तिरकी धरून
'एकशे बारा' एवढंच पुटपुटायचा
आणि मागल्या दारानं काजूंच्या बागेत शिरायचा.
रेघा कमी भरल्या की समजायचं,
शिपाई कुठल्या तरी चौकीवर गेलेत,
आज उद्या एखादा खांब पडणार.

त्याच सुमारास पलीकडून साबण बंद झाला.
बेळगावची नीळ बंद, कांदा बंद.
बटाटे बोटीतून आले, हॉलंडचे;
आई म्हणायची, पाखल्यांसारखेच आहेत,
किती शिजवा, मऊ होत नाहीत.
आत्या दिली होती साटेलीला. एका दिवसाची वाट.
तिची धाकटी वारली ते आम्हाला
एकवीस दिवसांनी कळलं,
तेही एका गुराख्याकडून,
ज्याची म्हैस परवाना न काढता
अलीकडे चरायला आली होती.
तिकडचे पोलीस आत्येला विचारत,
तुझा भाऊ पाखल्यांचे कपडे धुतो ना?
इकडचे पाखले बापाला विचारत,
तुझी बहीण तिकडे कोणाला जेवू घालते?

बाप रिठ्यावर आला, मग राखेवर.

कॉलरच्या आत आकडा शिवलेला असे.
सत्तेचाळीस म्हणजे झाकारियस,
मोझांबिकचा, डावा खांदा उतरता,
पट्टा घासून तिथलं कापड लवकर विरायचं.
त्याला बघून आम्ही पोरं पळायचो.
आई त्याचं बटण लावून द्यायची,
हिशेबात न धरता.
एकदा तो पायरीवर टेकला, बंदूक गुडघ्यांत,
मोडक्या कोंकणीत म्हणाला,
माझी आईपण हेच करते. मिशनचे कपडे.
नदी तेवढी हिच्याहून मोठी.
बापानं वर पाहिलं नाही.
विजार दगडावर आपटली,
पण हळू.

एका सोमवारी एकशे चार.
जिवबानं पाहिलं, गेला.
बुधवारी पहाटे दोडामार्गच्या वाटेकडून
आवाज आला, भांडी हलली,
आई म्हणाली, खाण असेल.
बाप काही म्हणाला नाही.

पुढल्या धुण्यात सत्तेचाळीस होता.
पाठीवर पाच भोकं, कडा करपलेल्या.
कुआर्तेलातल्या हवालदाराला
कापड वाया घालवायचं नव्हतं:
धू, रफू कर, दुसऱ्याला होईल.
बटण जागच्या जागी होतं.

गुरुवारच्या गाठोड्यात तो सदरा नव्हता.
हरवला, बाप म्हणाला.
थोबाडीत खाल्ली, महिन्याची मजुरी कापून घेतली.
जिवबानं वही पाहिली तेव्हा
रेघांच्या शेवटी एक गोल होता.
हे काय?
पेन्सील घसरली, बाप म्हणाला.
त्यानंतरही तो रेघा ओढत राहिला,
जिवबा येत राहिला.
दोघं एकमेकांकडे बघायचे मात्र थांबले.

एकसष्टच्या डिसेंबरात धुणं आलं
आणि न्यायला कोणी आलं नाही.
पूल उडाले होते.
बापानं सदरे वाड्यावर वाटून टाकले;
ते घालूनच लोक झेंडा बघायला गेले.
आत्या आली, पदरात साबणाची एक वडी.
ती वडी कशासाठी वापरली
ते मी सांगणार नाही.

मग मी पणजीला गेलो, पेन्शनच्या कचेरीत.
साहेबानं पुरावा मागितला. वही ठेवली.
त्यानं चार पानं उलटली, म्हणाला,
अहो, हा तर धोब्याचा हिशेब.

परत आलो. बाप माडाखाली बसला होता,
पाणी नसताना हात चोळत.
त्यांनी बेरीज केली का, त्यानं विचारलं.
नाही, मी म्हटलं.
बरं झालं, म्हणाला,
आणि वही कुठे ठेवलीस
ते विचारलं नाही.