सदतिसाव्या पानाच्या तळाशी

दर दुसऱ्या गुरुवारी, दहा वाजून वीस मिनिटांनी
मी पुस्तकांची व्हॅन उभी करते
बंद पडलेल्या डेअरीसमोर, साउथलँडच्या त्या वळणावर
जिथे जुलैत दुपारपर्यंत दंव हलत नाही
आणि मेंढ्या कुंपणाला पाठ लावून उभ्या असतात,
कुणी उधारी मागायला येणार असल्यासारख्या.

नोएलीन मॅकिनर्नी आधीच थांबलेली असते.
गमबूट दाराशी काढून मोज्यांवर आत येते,
मी कितीदा सांगितलं, असू दे म्हणून.
सहा पुस्तकं परत, सहा नवीन.
सगळी एकाच जातीची:
उमरावाला वारस हवा, मास्तरणीला छप्पर.
मृत्युपत्रात अट, तिशीच्या आत लग्न
नाहीतर जमीन चुलतभावाला.
पाद्री, दोन साक्षीदार, बाहेर घोडागाडी.
"यात प्रेमाबिमाचा प्रश्न येत नाही," असं तो बजावतो
साधारण चाळिसाव्या पानावर,
आणि नोएलीन म्हणते, तिथेच मला बरं वाटायला लागतं.

वाचलेलं पुस्तक पुन्हा गळ्यात पडू नये म्हणून
ती सदतिसाव्या पानाच्या तळाशी
पेन्सिलीने एक गोल काढते, मसुरीच्या दाण्याएवढा.
नियमाप्रमाणे मी तो खोडायला हवा.

एकदा विचारलं, शेवट तर ठाऊकच असतो की.
"शेवटासाठी कोण वाचतंय?
बाकीच्या कादंबऱ्यांत माणसं आधी प्रेमात पडतात
आणि मग चमचे शोधत बसतात.
इथे चमचे आधी.
कोण कुठे झोपणार, सरपण कोण फोडणार,
कोळशाचे पैसे कुणाच्या खात्यातून,
सगळं बोलून झालेलं.
कुणी कुणाला चंद्र कबूल केलेला नाही.
मग एका रात्री तिला ताप भरतो
आणि तो, करारात कुठेही लिहिलेलं नसताना,
खुर्ची ओढून बसतो."

ही स्वतः एकोणिसाव्या वर्षी ब्राइसबरोबर पळाली होती,
लोकर कातरणाऱ्यांच्या नाचातून,
भावाच्या मोटारसायकलवर.
सगळ्या खोऱ्याला महिनाभर दुसरा विषय नव्हता.
"आमचं उलटं झालं," ती सांगते, तक्रार नसल्यासारखं,
"प्रेमातून निघालो, सोयीवर येऊन थांबलो.
शेवटची बारा वर्षं
बॅटऱ्या कुठे आहेत, एवढंच विचारायचा.
वाईट नव्हता.
बॅटऱ्या खरंच सापडायच्या नाहीत."

म्हणजे तोच रस्ता ही दुसऱ्या टोकाकडून चालते,
वर्षाला दीडशे वेळा:
सोयीपासून निघायचं, सोयऱ्यापाशी पोचायचं.
हे मी तिला बोलले नाही.
लोक काय वाचतात यावर मी मतं देत नाही,
दिली तर बहुतेक चुकतात.

गेल्या हिवाळ्यापासून गोलाशेजारी फुली दिसू लागली.
तेच पान, तोच तळ,
सुताराची जाड पेन्सिल.
पुढच्या थांब्यावर लायल क्रुकशँक येतो,
टोपी हातात, नजर बागकामाच्या फळीवर,
आणि बहिणीसाठी म्हणून चार पुस्तकं नेतो.
"तिला ती लग्नाचीच लागतात."
बहीण जाऊन दोन वर्षं झाली.
फुलं मीही पाठवली होती.
मी मान हलवते, स्कॅनर फिरवते.

आज नोएलीनने पान उलटून दाखवलं.
"हा जो कुणी आहे, सावकाश वाचतो.
तापाच्या प्रकरणात दर वेळी चहा सांडलेला."
कोण आहे, असं तिने विचारलं नाही;
विचारलं असतं तरी नाव सांगणं नियमात बसत नाही.
मी दंवाबद्दल काहीतरी बोलले.
तिने सहा निवडली, पिशवीत भरली,
मग एक बाहेर काढून,
कोरं, गोल न पडलेलं,
फळीवर परत ठेवलं.
"हे आधी त्याला जाऊ दे," म्हणाली,
"चहा कुठे सांडतो ते मी नंतर बघते."