गोवळकोट, दहा रुपये

तिकीट फाडणारा पोरगा अनीसचा,
मला ओळखत नाही.
याच खाजणात मी डंपर रिते केलेत,
दिवसाला चौदा,
भरती चढायच्या आत.

आता लाकडी पूल, बाक,
तिवराचं नाव तीन भाषांत,
आणि खाली : चिखलात उतरू नये.

ओहोटी लागली तशा निवट्या
शेपटीवर उड्या घेत
माझ्या जुन्या भरावाच्या कडेला आल्या.
सगळा उपसला म्हणतात,
पण एक लाल कौल अजून वर डोकावतंय.
त्यावर कुर्ली, डेंगा उगारून,
सातबारा तिच्याच नावावर असल्यासारखी.

बायको म्हणाली, काढ की फोटो.
मी चपला काढल्या,
हातात धरून
कठड्याशी उभा राहिलो
पाणी चढेस्तोवर.