लोड

फॉर्ममध्ये एक चौकोन असतो : लोड किती.
मी वायरमन. विचारतो, एसी किती, गिझर आहे का,
इस्त्री आणि मिक्सर एकदम लावता का.
लोक कमी सांगतात,
वय सांगावं तसं, जरा थांबून.

आमच्या कोपरखैरण्याच्या माथाडीच्या खोलीत
बिल यायचं निवृत्ती शेलार या नावानं.
मंजूर भार : अर्धा किलोवॅट.
आप्पांनी एकदा बोट ठेवून ते वाचलं
आणि म्हणाले, आरं, ह्यो मंजूर कोण करतं?

तुर्भ्याला, कांदा-बटाट्याच्या गाळ्यात
पन्नास किलोची गोण पाठीवर येते तेव्हा
लोड हा शब्द कुणी उच्चारत नाही.
‘घे’ म्हणतात.
नाहीतर नुसतं ‘हं’.
लोड असतो ट्रकचा.
ट्रक लोड झाला की ड्रायव्हर चहाला जातो,
माणूस लोड झाला की चालायला लागतो.

माझी सानिका बारावीला.
तिच्या मोबाइलवर एक गोल फिरत राहतो,
लोड होतंय, म्हणते, थांबा ना.
पेपरच्या आदल्या रात्री दार लोटून विचारलं, झालं का वाचून,
तर मान वर न करता :
पप्पा, लोड नका घेऊ.
इतकं सहज,
जणू कुणीतरी तो हातात धरून विचारलं होतं, घेता का,
आणि आमच्या घरात नको म्हणायची रीत होती.

गावाकडे लोड म्हणजे लोड.
सावरीचा, पांढऱ्या अभ्र्याचा,
लग्नात पाव्हण्यांच्या पाठीशी.
हा इंग्रजीतून आलेला नाही, हा आपलाच.
त्याला टेकलेले आप्पा मला आठवत नाहीत.
ते उंबऱ्यापाशी, चपलांच्या बाजूला,
म्हंजे उठाया बरं.
बिल्ला जमा केला त्या वर्षी मी वाशीहून एक आणला,
चेनवाला, आत फोम.
टेकले. दोन मिनिटं.
मग मांडीवर घेऊन थापटला
आणि मला परत दिला :
ह्याला वजनच न्हाई.

घणसोलीला धाकट्याच्या इमारतीत लिफ्ट आहे.
पाटीवर लिहिलंय आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो.
वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही सगळे नटून आत,
आणि दार मिटेना. टूं टूं वाजायला लागलं.
कुणी छताकडे बघितलं, कुणी मोबाइलकडे,
मी तर त्या पाटीकडे, हिशेब करत असल्यासारखा.
आप्पा सगळ्यात मागे होते, आरशाला लागून.
‘सरा वाईच’ म्हणत वाट काढत बाहेर आले,
बावन्न किलोचे.
दार मिटलं.

सातव्यावर आम्ही उभे, कुणी चप्पल काढेना.
जिन्यातून, चौथ्याच्या आसपास,
एक ‘हं’.