ओळंबा

सेलूला सोळंके सिस्टरच्या मोरीचं बाथरूम करायचंय.
जालन्याहून टेम्पोत आठ पॅनल आलेत,
पांढऱ्यावर राखाडी शिरा, संगमरवरासारख्या,
उचलून बघावं तर पापडासारखं हलकं.
अल्ताफ म्हणतो, याला दगड म्हणायचं काय उस्ताद?
म्हण, बिलात तसंच लिहिलंय.

सिस्टर चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात होत्या.
गावाची अंगं पुसली त्यांनी, ओल्या फडक्यानं, पडद्याआड.
आता गुडघे वाकत नाहीत.
भिंतीला शॉवर पाहिजे, खाली स्टूल,
उठताना धरायला स्टीलचा दांडा.
"बसून आंघोळ करायची, डोळे मिटून.
कुणी हाक मारू नये, बस."
एवढं बोलून चहा ठेवायला गेल्या.

जुना रंग खरवडला.
बोअरचं खारं पाणी पिऊन फुगलेलं प्लास्टर
बोट लागलं की पिठासारखं गळायचं.
पक्कं लागेपर्यंत उकरलं, भरून घेतलं, वाळू दिलं दोन दिवस.
मग मागच्या भिंतीला ओळंबा सोडला.
दोरी थोडी हलली, गप झाली.
वर भिंतीलगत, खाली येता येता सुटत गेलेली.
साडेसहा फुटांत पाऊण इंच.
भिंत आत झुकलेली, काही ऐकू येत नसल्यासारखी.

अल्ताफ हसला. कोण गाढवानं बांधली?

मला आमच्या घरचं कॅलेंडर आठवलं.
खिळ्याला वर टेकलेलं, खाली भिंतीपासून सुटलेलं,
फॅन नसतानाही फडफडायचं ते.
आमच्या तिन्ही भिंती अशाच.
चुन्याच्या घाणीवर बापाचा उजवा डोळा गेला
त्यानंतरच्या सगळ्याच.

"लिंबाजी म्हणून होता एक," सिस्टर चहा देत म्हणाल्या,
"एका डोळ्याचा. मजुरी मागायला सुद्धा लाजायचा.
आहे का गेला, कोण जाणे."
चहा गरम होता. मी फुंकर मारत बसलो.

मग पट्ट्या कापल्या.
वर पातळ, मधे जाड, खाली तीन एकावर एक.
बापाचा पाऊण इंच मी असा वाटून टाकला
आणि त्यावर पॅनल दाबलं.
बुडबुडा मधोमध आला, थांबला.
नळाची भोकं दोनदा मोजून एकदा पाडली.
कोपऱ्यात पट्टी, सांध्यात सिलिकॉन,
ओल्या बोटानं वरून खाली एकच ओढ.
मधे थांबलं की गाठ राहते.

चार वाजता नळ आला. आठव्या दिवशी.
गल्लीभर भांडी वाजायला लागली,
मोटारी घुमायला लागल्या.
मी म्हणालो, चोवीस तास पाणी लावू नका, सिस्टर.
म्हणाल्या, बरी वेळ साधलीस रे बाबा.
आणि बादल्या भरून झाल्यावर
पदर खोचलेलाच, हळूच आत गेल्या,
स्टुलावर बसल्या,
कोरड्या शॉवरखाली डोळे मिटले.
आम्ही अवजारं गोळा केली, आवाज न करता.
अल्ताफनं ड्रिलची वायर गुंडाळायला
एवढा वेळ कधी लावला नव्हता.

रात्री बापाला आंघोळ घातली.
दगडावर बसवलं, अर्धी बादली, मगानं.
विचारलं नव्हतं, तरी कुठं काम होतं ते सांगून टाकलं.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, "सिस्टरची मोरी?
ती मागची भिंत मुद्दाम झुकती ठेवली व्हती.
पाणी भिंतीला चिकटू नये म्हून.
तुमाला काय कळतंय, बुडबुडेवाल्यांना."

मी मग भरला, मानेवर सोडला.
पाणी त्याच्या वाकलेल्या पाठीवरून
एकेका मणक्याला धरत, चिकटत, उशिरा खाली आलं.
सिलिकॉन अजून माझ्या नखांत होतं.
"आणखी टाक," तो म्हणाला. "आज नळ आलाय ना?"