सातापैकी तीन पूर्णांक आठ

स्थितिशास्त्राचे एकसष्ट पेपर, आणि चुलीतलं लाकूड ओलं.
वाल्दिव्हियात हिवाळा असाच येतो: धूर आधी, ऊब मागाहून.
खाली नदीच्या धक्क्यावर समुद्रसिंह भांडतायत
मासळीबाजारानं फेकलेल्या मुंडक्यांवरून.
मी तिसऱ्या वर्षाला, पहिल्या वर्षाचे पेपर तपासतो.
एका पेपरमागे जे मिळतं
त्यात एक पाव येतो, लोणी येत नाही.

प्रश्न तिसरा, श्वेडलर बाईंचा लाडका:
नऊ हजार किलोचं लाकडी घर, खाली ओंडके,
बैलांचा दोर जमिनीशी बारा अंश चढता,
घर्षणांक शून्य पूर्णांक चार.
घर हलू लागेल त्या क्षणीचा ताण काढा.

साठ जणांनी चौकोन काढलाय.
भार खाली, प्रतिक्रिया वर,
ताण पुढे, घर्षण मागे.
हेच तर शिकवतो आम्ही त्यांना:
वस्तू जगापासून कापून घ्या,
जिथे जिथे ती कशाला टेकली होती
तिथे तिथे एक बाण लावा,
मग जग खोडून टाका.

एकसष्टावा पेपर एदुविना रेमोल्कोयचा.
चिलोए बेटावरची मुलगी, मागच्या बाकावर बसते,
ओला कोट अंगातून काढत नाही.
तिच्या चौकोनाला दोन खिडक्या आहेत.
चारही बाण जागच्या जागी,
आणि पाचवा, बारीक, घराच्या आत:
'इव्हारिस्तो काका. कपाटाला पाठ लावून उभे.
चारशे न्यूटन. जास्त नाही, त्यांची कंबर धरलेली असते.'

मी हसलो. मग हसू थांबलं.
त्यांच्याकडे घरं खरंच अशी जातात.
समुद्र जवळ आला, किंवा भावांचं बिनसलं,
की अख्खं गाव जमतं, बैल जुंपतं,
आणि घर चिखलातून नव्या जागी चालत जातं.
आम्ही ज्याला प्रश्न म्हणतो
त्यात ही मुलगी राहिलेली आहे.

काकांचे चारशे वजा करून
तिचं उत्तर बत्तीस पूर्णांक नऊ.
बरोबर उत्तर तेहतीस पूर्णांक तीन.
लाल पेन उचललं, ठेवलं, चुलीत फुंकलं,
पुन्हा उचललं.
'आतली बलं जोडीजोडीनं फिटतात.
आकृतीत दाखवायची नसतात.'
बेरीज तीन पूर्णांक आठ. पास व्हायला चार लागतात.
दोन दशांश मी कुठूनही आणू शकलो असतो.
इतका वेळ जागा होतो ते बहुधा त्याचसाठी.
आणले नाहीत.

गुरुवारी ती आली. मी वाद ऐकायच्या तयारीत,
मनाशी एक वाक्य घोटून ठेवलेलं.
तिनं पेपर टेबलावर पसरला, माझंच पेन घेतलं,
आणि काकांचा बाण स्वतः खोडला.
'बरोबर आहे तुमचं. ते कपाटाला रेटतात,
आणि पायांनी तेवढंच जमिनीला मागे.
बाहेरून शून्य.
गावातही सगळे हेच म्हणतात,
की इव्हारिस्तोनं कधी घर हलवलं नाही.'

मी म्हटलं, मग काढला कशाला?

तिनं कोटाची वरची गुंडी लावली.
बाहेर पाऊस आडवा झाला होता.
'घर हललं तेव्हा मी आत होते. सात वर्षांची.
दोर ताणत गेला, ताणत गेला,
जेवढं ओढू तेवढंच घर मागे धरत होतं,
आणि मग एकदम सुटलं. तो हिसका
तुमच्या पुस्तकात एका ओळीत आहे.
कपाट पुढे झुकलं. काका मागे सरकले नाहीत.
एकही बशी फुटली नाही.'

बशा प्रश्नात नव्हत्या, मी म्हणालो.

'हो,' ती म्हणाली, 'वाचला मी प्रश्न,'
आणि पुनर्परीक्षेची तारीख
हाताच्या पंज्यावर लिहून घेऊन गेली.